बघायला मुभा, करायला इजाजत

गेले दोन उन्हाळे मी हे लिहायचं टाळत आलो. टाळायला कारणं मिळत गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नातीची परीक्षा आली, एकदा तर चष्मा सापडत नाही एवढंही पुरलं. पण आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीत अजूनही पाण्यावरून कुरबूर झाली की कोणीतरी म्हणतंच, "त्या बाईंनी यंत्राच्या हातात मोटर दिली होती, आठवतं ना?" मग सगळे हसतात. मीही हसायचो. परवा हसू आलं नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, बाईंच्या कामात चूक नव्हती. ती कुठं होती ते सांगेनच, पण आधी मला बाईंबद्दल बोलू द्या. निवृत्तीनंतर इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या दिवसांनी दिला नाही. ते दिवस आठवले की अजून हात शिवशिवतात.

बाई आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या इन्स्ट्रक्टर होत्या. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी साडीवर खाकी ॲप्रन घालूनच दार उघडायच्या. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी बॅटरी. आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायच्या आधी विचारायच्या, "बघायचंय का करायचंय?"

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गोंधळलो. "पेपर मागायला आलो होतो," म्हणालो.

"म्हणजे बघायचंय. मग या. बघायला मुभा, करायला इजाजत."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. वडील निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यामुळं असे शब्द त्यांच्या तोंडी सहज यायचे. बाईंच्या मते जगात दोनच प्रकारची अवजारं होती. बघणारी आणि करणारी. मीटर बघतो, पक्कड करते. बघणाऱ्यानं फारसं नुकसान होत नाही, करणाऱ्याला मालकाची परवानगी पाहिजे. माणसांनाही त्या हाच न्याय लावायच्या. एकदा माझ्या घरी चहा पिऊन जाताना जिन्यात म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमची सून करणारं अवजार आहे. पोरगा बघणारं." सून दारातच उभी होती. तिला ते इतकं आवडलं की तिनं ते माहेरीसुद्धा सांगितलं.

त्यांच्या बैठकीची एक अख्खी भिंत अवजारांची होती. प्रत्येक पाना, कानस, स्क्रू-ड्रायव्हर खिळ्याला टांगलेला आणि मागे भिंतीवर काळ्या रंगात त्याची आकृती रंगवलेली. अवजार न्यायचं तर पितळी बिल्ला द्यायचा. आयटीआयच्या टूलरूमची ही पद्धत त्यांनी घरी चालू ठेवली होती. भंगारात निघालेले नंबरचे बिल्ले त्यांनी सोसायटीत घरोघर वाटले होते. अवजार नेलं की त्या खिळ्याला तुमचा बिल्ला लटकायचा, म्हणजे कोणाकडं काय आहे ते भिंतच सांगायची. आमच्या अ विंगमधले वकीलसाहेब एकदा चिडले. "बाई, मी शेजारी आहे. मला कसला बिल्ला मागता?"

"शेजारी म्हणूनच मागते. चोराला मी बिल्ला मागत नाय."

परत देतानाही अवजाराची मूठ त्यांच्याकडं करूनच द्यायची. मी एकदा पोपटपाना उलटा धरला, तर हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. मी नीट धरला तेव्हाच हात पुढं केला.

आता सर्व्हरचं सांगतो.

माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीत बसायचं, माइकवर गाड्या पुकारायच्या. पैठण, गंगापूर, कन्नड. आयुष्यभर लोकांनी मला 'गाडी कधी?' विचारलं आणि निवृत्त होऊन सोसायटीचा अध्यक्ष झालो तर 'पाणी कधी?' सुरू झालं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते खालच्या हौदात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढवायचं. एक टाकी अ विंगची, एक ब विंगची. कोणाच्या टाकीत किती आहे, मोटर कधी लावणार, हौदात काही उरलंय का, असे दिवसभर फोन. जेवताना घास हातात राहायचा.

एका दुपारी बाईंनी बोलावलं. टेबलावर लॅपटॉप, समोर बाई ताठ बसलेल्या, जणू तोंडी परीक्षा घेतायत.

"अध्यक्ष, ह्यांना विचारलं मी, आमच्या टाकीत पाणी किती आहे. काय म्हणाले माहितंय? म्हणाले, मला ते कळायला मार्ग नाही. लई आवडलं मला. ठोकून दिलं नाय."

'हे' म्हणजे एआय. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना बाई अरे-तुरे करायच्या, पण यंत्राला अहो-जाहो. मी हसलो तर म्हणाल्या, "नवीन आहेत. ओळख झाली की बघू."

"मग आता?"

"मार्ग नाही म्हणतायत ना? मार्ग आपण करून द्यायचा."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही कोणालाही समजावू शकतो. हे मॉडेल म्हणजे हुशार शिकाऊ. बोलता येतं, विचार करता येतो, पण हात नाहीत आणि डोळेही नाहीत. त्याच्या आणि अवजारांच्या मध्ये टूलरूमची खिडकी पाहिजे. खिडकीवर पाटी लावायची, आमच्याकडं अमुक अवजारं आहेत, हे याच्यासाठी, हे मागताना एवढं सांगावं लागेल. शिकाऊ पाटी वाचतो, हवं ते मागतो, खिडकीतला माणूस ते अवजार चालवतो आणि निकाल त्याच्या हातात देतो. ही खिडकी म्हणजे सर्व्हर. खिडकीवर बोलायची जी ठरलेली रीत आहे तिला एमसीपी म्हणतात. रीत एकच ठेवली की कुठलाही शिकाऊ कुठल्याही खिडकीवर जाऊ शकतो.

"म्हणजे चौकशीची खिडकी!" मी जवळजवळ ओरडलोच.

बाईंनी टेबलावर थाप मारली. "व्हय! तुम्ही हयातभर सर्व्हरच होता, अध्यक्ष. उगा पगार नियंत्रकाचा घेत होता."

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरीच पडीक. टाकीच्या झाकणाला आतून एक छोटा सेन्सर बसवायचा होता. तो आवाज सोडतो आणि पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढतो. वायर पाइपला बांधत खाली आणायची. मी शिडी धरायचो, बाई वर. सत्तरी पार केलेली बाई गच्चीच्या कठड्याशी उभी राहून तोंडात स्क्रू धरून बोलायची आणि खालून ब विंगचे आबा ओरडायचे, "ओ बाई, काय करू राहिले तुम्ही वर? पडताल ना!" आबांचं घराणं मूळ मेंढपाळांचं. आबा स्वतः माळरानात वाढलेले आणि पाण्याची किंमत आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळायची. बाई वरून सांगायच्या, "आबा, तुमच्या पाण्याला डोळा बसवू राहिले!"

सगळं जोडून झालं आणि सर्व्हर काही जोडला जाईना. चालू केला की लगेच संबंध तुटायचा. बाईंनी वायरी तपासल्या, प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला, जेवायच्या विसरल्या. मी घरून भाकरी आणि ठेचा नेऊन दिला तो टेबलावरच वाळला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागल्या. झालं होतं असं की बाईंनी आपल्या स्वभावानुसार सर्व्हरला सुरू होताच 'नमस्कार' म्हणायला लावलं होतं. आणि ज्या वाटेनं सर्व्हर आणि मॉडेल बोलतात त्या वाटेवर ठरलेल्या निरोपाशिवाय एक अक्षरही चालत नाही. पहिलाच शब्द 'नमस्कार' आला की पलीकडचा गडबडून दार लावून घ्यायचा.

"शिष्टाचार आडवा आला बघा," म्हणाल्या आणि नमस्कार पुसला.

मग त्यांनी टाइप केलं, 'अ विंगच्या टाकीत पाणी किती आहे?' पडद्यावर आलं की मॉडेल 'टाकी पाहा' हे अवजार वापरतंय. आम्ही दोघं पडद्यावर वाकलो. मग उत्तर आलं, टाकी निम्म्याहून थोडी जास्त भरलेली आहे.

"गच्चीवर!" बाई उठल्याच. "अध्यक्ष, काठी घ्या आणि पळा!"

माझे गुडघे जिन्याला नेहमी कुरकुरतात. त्या दिवशी एक चकार शब्द नाही. झाकण उचललं, वेळूची काठी उभी बुडवली, बाहेर काढली. ओली खूण निम्म्याच्या थोडी वर. मी कठड्यावरून माइकवरच्या आवाजात पुकारलं, "बाईऽऽ! निम्म्याच्या वर! खरं बोलतंय!" प्रत्येक बाल्कनीत डोकी आली. खाली बाई ॲप्रन घालून चक्क टाळ्या वाजवत होत्या. नंतर त्यांनी आल्यागेल्याला गूळ-शेंगदाणे वाटले आणि मॉडेलला लिहिलं, 'आपले आभारी आहोत.'

ते पुढचे आठवडे म्हणजे रोज सण. सोसायटीच्या लोकांनी फोनवरून विचारायचं आणि मॉडेलनं बघून सांगायचं. माझा फोन शांत झाला. फजिती व्हायची, तीही मजेची. वकीलसाहेबांनी एकदा विचारलं, 'जायकवाडीत किती पाणी आहे?' मॉडेलनं आमच्या गच्चीवरची टाकी बघून सांगितलं की धरण तीन चतुर्थांश भरलंय. वकीलसाहेबांनी ती बातमी कोर्टात सांगितली. बाईंनी शोधलं तर अवजाराच्या पाटीवर नुसतं 'पाणीसाठा सांगतं' एवढंच लिहिलेलं. "त्यांची नाय, माझी चूक. पाटी लिहिणाऱ्यानं मोघम लिहिलं तर वाचणाऱ्यानं काय करावं?" मग त्यांनी नवी पाटी लिहिली: 'हे अवजार फक्त आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या दोन टाक्यांसाठी आहे. धरण, विहीर, नदी यांसाठी वापरू नये.' लिहून मला मोठ्यानं वाचायला लावलं. जे कानाला खटकेल ते यंत्रालाही खटकेल असं त्यांचं मत होतं.

मग मोटर जोडायची ठरली. हे पहिलं करणारं अवजार. इथं बाई एकदम बदलल्या. थट्टा बंद. मला समोर बसवलं.

"अध्यक्ष, नीट ऐका. टाक्यांना डोळा आहे, हौदाला अजून नाय. हौद रिकामा असताना मोटर चालली तर जळंल. म्हणून कोणीही मोटर मागितली तरी लावायच्या आधी दर वेळेला हे तुमच्या फोनवर विचारतील. तुम्ही जायचं, हौदाचं झाकण उघडायचं, बघायचं आणि मगच होय म्हणायचं. हौदाचा डोळा तुम्ही."

फोनवर तीन पर्याय यायचे. होय, नाही आणि 'यापुढे विचारू नका'.

"ते तिसरं, ह्यांच्याशी बोलायचं जे ॲप आहे ना, त्या ॲपवाल्यांनीच ठेवलंय, मला काढता येत नाय. त्याला हात लावायचा नाय."

"नाही लावणार."

"इन्स्ट्रक्टरला शब्द दिलाय तुम्ही."

मी तो शब्द पाळला. भर उन्हात चप्पल घालून खाली जायचो, झाकण उघडायचो, आबा विचारायचे, "आलं का बोलावणं?" मी म्हणायचो, "आलं." अभिमान वाटायचा. यंत्र अडतं आणि मला विचारतं, हा मान काही लहान नव्हे.

मग पैठणहून मेहुणे आले. आमचे हे मेहुणे जमीनदार, आणि माझी नोकरी त्यांनी जन्मभर 'भोंगा' म्हणून मोजली. क्रांती चौकात चहाच्या टपरीवर त्यांच्या मित्रमंडळींसमोर मी फोन काढला. म्हणालो, इथं बसून बोलतो, तिकडं गारखेड्यात मोटर चालू होते बघा. बोललो. फोननं विचारलं, मोटर चालू करू का?

मेहुणे म्हणाले, "ह्यॅ! हे तर तुम्हालाच विचारायलंय. मग यंत्र कशाला, गडीच ठेवा की."

मंडळी हसली. हौद सकाळीच भरलेला मी बघितला होता. तेवढ्या आधारावर मी तिसरं बटण दाबलं. मग परत बोलून दाखवलं, मोटर बंद, मोटर चालू, बंद. एकदाही प्रश्न आला नाही. मेहुण्यांनी पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा." घरी येऊन बटण पूर्ववत करायचं, असं ठरवलं होतं. जेवणं झाली, गप्पा झाल्या, विसरलो.

दुसऱ्या दिवशी आबांच्या नातीची हळद होती. मी मेहुण्यांना सोडायला स्टँडवर गेलो आणि जुन्या सोबत्यांत रमलो. इकडं अ विंगमध्ये कळलं की आज मोटर मागताक्षणी लागते. कोणाला थांबावं लागत नाही, अध्यक्ष झाकण उघडायला येत नाहीत. कोणी कूलर भरले, कोणी पिंप भरले, कोणी गाडी धुतली. टाकी उतरली की मागायचं, यंत्र भरून द्यायचं. वाईट कोणीच नव्हतं, ऊन मात्र कडक होतं. हौद आटला, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. ब विंगच्या टाकीत थेंब चढला नव्हता.

मी आलो तेव्हा खाली सगळे जमले होते. मांडव घातलेला, पाहुणे खुर्च्यांवर. आबा बाईंसमोर उभे होते, आवाज न चढवता बोलत होते, आणि तेच वाईट होतं.

"बाई, पोरीच्या अंगाला हळद लागलीय. धुवायला माझ्या घरात तांब्याभर पाणी नाय. तुमच्या यंत्राला मी काय बोलू? तुम्हालाच बोलतो."

वकीलसाहेब म्हणाले, "यंत्राच्या हातात मोटर द्यायची म्हणजे अतिच झालं."

बाई माझ्याकडं वळल्या. "अध्यक्ष, तुम्हाला विचारलं का त्यांनी?"

मी म्हणालो, "नाही. मला विचारलंच नाही."

वाक्य खरं होतं. शब्दन्‌शब्द खरा होता. बाईंनी मान हलवली, आणि आबांना म्हणाल्या, "मग चूक माझ्या सर्व्हरची. माफ करा." टँकर येईपर्यंत ही बाई स्वतः शेजारच्या इमारतीतून कळशी भरून आबांच्या दारात नेत होती. मी घरात गेलो, दार लोटलं आणि फोनमधलं ते बटण पहिल्यासारखं करून ठेवलं.

त्याचा परिणाम काय होईल ते मला तेव्हा कळलं नाही. नवी मोटर बसल्यावर बाई रोज सर्व्हर तपासायच्या. मोटर मागायच्या, आणि दर वेळी माझ्या फोनवर प्रश्न यायचा. यायलाच हवा होता.

"आता विचारतायत, अध्यक्ष! परत विचारलं! मग त्या दिवशी का नाय विचारलं?"

त्यांनी प्रोग्राम पुसून नव्यानं लिहिला. चूक होती तशीच, सापडत नव्हती, कारण ती तिथं नव्हतीच. एकदा मी चाचरत म्हणालो, "माझ्या फोनचंच काही असेल." तर म्हणाल्या, "तुमच्यावर शंका नाय. मी सांगितलेलं तंतोतंत पाळणारा पहिला विद्यार्थी तुम्ही." मी चहाचा पेला उचलला आणि तोंडाला लावला.

सोसायटीनं सर्व्हर काढायचं ठरवलं. त्यावर अध्यक्षाची सही लागते, ती मी केली. बाईंनी सेन्सर उतरवले, घरोघरी जाऊन बिल्ले परत घेतले आणि पैठणला बहिणीकडं राहायला गेल्या.

मी एकदा गेलो होतो. कबूल करायचं म्हणूनच एसटीत बसलो, रस्ताभर वाक्यं जुळवली. बहिणीची पिठाची गिरणी होती. बाई ॲप्रन घालून गिरणीच्या कोपऱ्यात, पुढ्यात लॅपटॉप. मला बघून लहान मुलीसारख्या उठल्या. "या, या! बघायचंय ना?" त्यांनी तिथंही खिडकी उघडली होती. बायका घरून फोनवर विचारायच्या, माझं दळण झालं का? मॉडेल बघून सांगायचं, तुमच्या पुढं अजून एवढे डबे आहेत. बाई भरभरून दाखवत होत्या. पाटी कशी लिहिली, ज्वारी आणि बाजरीचा घोटाळा कसा झाला, कोण आजी यंत्राशी कशी भांडली. मलाही तेच जुनं भरतं आलं. मी विचारलं, "आणि गिरणीची मोटर? ती नाही जोडली?"

"नाय. आता सगळी बघणारी. करणारं ठेवलं नाय एकबी."

"का?"

"भरवसा नाय राहिला."

"यंत्रावर?"

"त्यांच्यावर कशाला? माझ्यावर."

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशीचं एक सांगायचं होतं." तेवढ्यात बहिणीनं गिरणी सुरू केली. सगळी खोली थरथरायला लागली. बाईंनी कानामागं हात धरला, "काय म्हणालात?" मी एकदा मोठ्यानं बोललो असतो तर ऐकू गेलं असतं. हजार माणसांच्या स्टँडवर माझा आवाज पोचायचा. मी हातानंच खूण केली, काही नाही, गाडीची वेळ झाली.

बाई गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मीही टाकलं. जे लिहायला हवं होतं ते इथं लिहितो, माझ्या सोसायटीच्या लोकांनी वाचावं म्हणून. ज्यांनी वाचायला हवं होतं त्या राहिल्या नाहीत.

बाई, तुमच्या सर्व्हरनं मला विचारलं होतं. परत विचारू नका असं त्याला मीच सांगितलं होतं.